मुदत की तपास

शारजात राहायचं आणि नोकरीला दुबईत जायचं, असा संसार मांडलेल्या घराला गाडी पायातल्या चपलेसारखी असते. तिच्यावाचून उंबरठा ओलांडता येत नाही. अल मजाजमधून सकाळी निघालं की एक तर इत्तिहाद रोड धरायचा, नाहीतर शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर ‘नॅशनल पेंट्स’च्या कोंडीत शिरायचं. दोन्हीकडे गाडी पळते कमी, उभी राहते जास्त, आणि उभं राहणंच जुन्या गाडीला सर्वांत जड जातं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५च्या आसपास असतो आणि खालिद लगूनवरची दमट हवा रात्रीही निवत नाही. अशा हवेत पंधरा वर्षांची सेडान ठेवायची की विकायची, यावर माझ्या शेजारच्या घरात जे बोलणं झालं ते मी लिहून काढतो आहे, कारण ते पैशांवरून सुरू झालं आणि भलत्याच महत्त्वाच्या प्रश्नावर जाऊन पोचलं.

बोलणारी दोघं, त्या घरातली भाची आणि तिचे मामा. भाची विमानांच्या देखभालीचं नियोजन करते. कुठला भाग किती तासांनी तपासायचा, कधी उतरवायचा, हे तिचं रोजचं काम. मामा मूळ चिपळूणचे. मुंबईत फियाट टॅक्सींवर त्यांचा हात बसला आणि पुढचं आयुष्य शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजचे फोरमन म्हणून गेलं. ही सेडान त्यांनीच निवडून दिलेली : जपानी, गल्फ स्पेकची, २०१०चं मॉडेल. गॅरेजवाल्याने एसीचा कॉम्प्रेसर बदलायला सांगितला, त्या संध्याकाळी मामा जेवायला आले होते.

भाची : मामा, माझा हिशेब झालाय. कॉम्प्रेसरचे अठराशे दिरहॅम, वर मजुरी. मार्चमध्ये सेन्सर बदलला, त्याआधी बॅटरी. गाडी विकली तरी सात-आठ हजारच येतील. आता तिच्यात पैसा ओतायचा नाही.

मामा : ओतू नकोच. पण कॉम्प्रेसर गेलाय हे कशावरून?

भाची : एसी गार होत नाही यावरून.

मामा : कधी होत नाही? उभी असताना, की पळताना?

भाची : कोंडीत. मोकळा रस्ता लागला की होतो.

मामा : आणि गरमीचा काटा?

भाची : तोही कोंडीत चढतो. गाडी ऐंशीच्या पुढे गेली की खाली येतो. गॅरेजवाला म्हणाला, जुनी गाडी आहे, थोडा चढणारच.

मामा : असं काही नसतं, बाय. काटा रोज जिथे राहतो तिथून हलला, म्हणजे काहीतरी बिघडलंय. कॉम्प्रेसर कमजोर असला तरी पळताना एसी बरा वाटतो, ते खरं. पण त्याने इंजिनचा काटा नेमका कोंडीतच का चढावा? दोन तक्रारी एकदम येतात आणि एकदम जातात, तेव्हा दोन्हींच्या मागे एकच कारण आहे का ते आधी बघायचं. उभ्या गाडीला वारा कोण घालतं?

भाची : फॅन.

मामा : चल खाली.

पार्किंगमध्ये मामांनी बोनेट उघडलं आणि इंजिन, एसी दोन्ही चालू करायला सांगितलं. पुढे एसीच्या कंडेन्सरची जाळी, तिच्यामागे रेडिएटर, त्याच्यामागे शेजारी-शेजारी दोन पंखे. त्यांतला एकच फिरत होता. मामांनी बालदीतलं पाणी कंडेन्सरच्या जाळीवर बेताबेताने सोडलं. थोड्याच वेळात आत बसलेला भाचीचा मुलगा ओरडला, ‘गार येतंय!’ म्हणजे कॉम्प्रेसर आपलं काम करत होता. त्याने गोळा केलेली उष्णता बाहेर काढायला वारा नव्हता. मग मामांनी हात पात्यांपासून लांब ठेवून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने थांबलेल्या मोटरच्या पाठीवर दोन हलके ठोके दिले. मोटर कण्हत फिरू लागली. आतले कार्बन ब्रश झिजले की मोटर अशी ठोक्यावर चालते आणि थोड्या दिवसांत तेही सोडते.

अठराशे दिरहॅमचा प्रश्न एका पंख्याच्या मोटरवर आला. गॅरेजमध्ये न विचारलेला एकच शब्द मामांनी विचारला होता : ‘कधी?’ काटा कोंडीत चढत असेल तर संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर किंवा धुळीने बुजलेल्या जाळीवर घ्यायचा. मोकळ्या रस्त्यावर वेगात चढत असेल तर आतून भरलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप, कमी झालेलं कूलंट यांच्याकडे बघायचं. तक्रार एकच असली तरी वाटा उलट्या दिशेने जातात. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. आणि काटा लाल रेघेला टेकला तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये. त्या झाकणाने दाब धरलेला असतो, म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब सुटला की ते त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

वर आल्यावर भाची गप्प होती. मला वाटलं विषय मिटला. तो तिथून खरा सुरू झाला.

भाची : मामा, निदान तुमचं बरोबर. पण मला दुसरं खुपतंय. ही मोटर पंधरा वर्षं फिरतेय. ती कधीतरी जाणार हे तुम्हालाही ठाऊक होतं. मग ती जाईपर्यंत आपण का थांबलो?

मामा : चालणारी वस्तू कोण बदलतं गं?

भाची : आम्ही बदलतो. काही भागांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं. तास भरले की भाग कितीही ठणठणीत दिसो, उतरवायचा. गाडी इत्तिहाद रोडच्या मधल्या लेनमध्ये बंद पडली, बाहेर ४५ अंश, मागे दोन मुलं, रिकव्हरी यायला पाऊण तास. तिथे तुमचं निदान काय कामाचं?

मामा : सगळंच मुदतीवर बदलायला निघालीस तर दर दोन वर्षांनी अख्खी गाडी नवी होईल. आणि नवा पार्ट चांगलाच असतो असं नाही. डुप्लिकेट निघतो, घाईत बसवला जातो. चांगल्या सांध्याला हात लावून गळती सुरू झालेली मी कितीदा पाहिली आहे. फियाटवर मला उस्तादाने हेच शिकवलं : खात्री होईपर्यंत पाना उचलायचा नाही.

फियाटचं नाव निघालं की मामा थोडे लांब जातात, आणि मी त्यांना जाऊ देतो. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या कित्येक पिढ्यांची सेडान. तिचा बिघाड डोळ्यांना दिसायचा, नाकाला कळायचा. काँटॅक्ट पॉइंट काजळले की पॉलिश पेपरने घासायचे. घाटात चढणीवर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बसली तर फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून बिडी संपेपर्यंत थांबायचं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या हिशेबाने शेवटची पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर राहिली नाही. मामांना ते वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण त्या शाळेतली सवय आजच्या गाडीवर तशीच चालते का, हा भाचीचा प्रश्न रास्त होता. आणि तिने त्याचं उत्तर ज्या ठिकाणाहून आणलं ते मला अनपेक्षित होतं.

भाची : तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा मीच देते. विमानातही पूर्वी असंच मानायचे, की प्रत्येक भाग वयाने झिजतो, म्हणून तास ठरवा आणि उतरवा. डग्लस डीसी-८ विमानात असे ३३९ भाग होते. मग युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी बिघाडांच्या नोंदी तपासल्या. १९७८मध्ये त्यांचा अहवाल आला. वयाची मर्यादा घालून फायदा होतो असे भाग निघाले फक्त ११ टक्के. उरलेले ८९ टक्के कधी जातील ते वयावरून सांगताच येत नाही. त्याआधीच डीसी-१० विमान आलं होतं, त्यात मुदतीवर उतरवायचे भाग उरले होते सात.

मामा : सात! मग मी काय म्हणतोय?

भाची : अहो पण ते अकरा टक्के आहेत ना! वयाने मरतात अशा वस्तू खरंच आहेत आणि या हवेत त्या लवकर मरतात. त्यांच्या बाबतीत तपासाची वाट बघणं म्हणजे बिघाडाची वाट बघणं.

इथे मामांनी पहिल्यांदा मान हलवली. मला वाटतं वादाचा गाभा इथेच होता. ‘जुनी गाडी’ असं आपण एका तोंडाने म्हणतो, पण तिच्यातली प्रत्येक वस्तू सारखी जुनी होत नाही. आखाती उन्हात रबर, बॅटरी आणि टायर यांचं वय वेगळ्या घड्याळावर चालतं. बॅटरीचंच घ्या. थंड मुलखात ती चार-पाच वर्षं टिकते. इथे दोन उन्हाळे, फार तर तीन. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते आणि शिशाच्या जाळ्या कुरतडल्या जातात. थंडीतली बॅटरी मरण्याआधी कुरकुरते, उन्हातली बहुधा सांगत नाही. काल चालू होती, आज किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक.

मामा : बॅटरी मी मान्य करतो. पण तिथेही मीटर लावून बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. चालू इंजिनावर तेरासुद्धा दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरचा. लोक बॅटरी बदलतात आणि आठवड्याने पुन्हा अडकतात.

भाची : मीटर लावा. आणि मीटर चांगलं दाखवत असलं तरी तिसऱ्या उन्हाळ्याआधी बदला. टायरचं तर इथे कायद्यानेच ठरवून दिलंय. बनल्यापासून पाच वर्षं. बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी मुल्कियाच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या, पासिंगला तो टायर चालत नाही.

मामा : ते बरोबरच आहे. उन्हात रबर आतून सुकतं, वरून दिसत नाही.

भाची : मग होज पाइप, बेल्ट, इंजिनचे माउंट, सस्पेन्शनचे बुश? तेही रबरच.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मार्चच्या सेन्सरचं बिल मागितलं. चेक इंजिनचा दिवा लागला होता, स्कॅनरवर पी ०१७१ आला होता, गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि दिवा आठवड्याभरात परत लागला होता.

मामा : कोड काय म्हणतो? हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर खराब आहे असं तो कुठे म्हणतो? सेन्सरने खरी बातमी दिली आणि बातमी आणणाऱ्यालाच काढून टाकलं. हवा चोरून कुठून शिरतेय ते बघायला हवं होतं.

पुन्हा सगळे खाली. इंजिन आता बऱ्यापैकी निवलं होतं. मामांनी टॉर्च धरायला लावला आणि एअर फिल्टरपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप बोटांनी वाकवत गेले. इनटेकमागचा एक आखूड पाइप वरून काळाभोर, धड दिसत होता. त्यांनी तो वाकवला तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. इंजिन चालू करून तिच्यावर अंगठा दाबला, तर मघापासून खालीवर होणारं आयडलिंग सरळ झालं.

भाची : पंधरा वर्षांचं रबर, मामा. मुदतीवर बदललं असतं तर दिवाच लागला नसता.

मामा : आणि तपासलं असतं तर सेन्सर वाचला असता.

एकाच चिरेत दोघेही खरे ठरले. मला विचाराल तर भाचीचं पारडं इथे जड आहे. निदानाची कला थोर आहे, पण ती बिघाड झाल्यावर सुरू होते, आणि कुटुंबाच्या गाडीत बिघाड मुलांसकट होतो. मामांच्या पिढीने जुगाडाने गाड्या घरी आणल्या त्या मोकळ्या रस्त्यांवर. सहा पदरी रस्त्याच्या मधोमध ओलं फडकं टाकायला उतरता येत नाही. मात्र मुदतीचा नियम रबर-बॅटरी-टायरच्या पुढे गेला की तो पैसे खायला लागतो, हेही तितकंच खरं. सेन्सर, रिले, मोटर, पंप यांना तपासाशिवाय हात लावायचा नाही, हा मामांचा हट्ट भाचीच्याच क्षेत्रातल्या आकडेवारीने उचलून धरला होता.

भाचीकडे अजून एक हुकमी पान होतं, एप्रिल २०२४चं. त्या महिन्याच्या १६ तारखेला अमिरातीत १९४९पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरहून अधिक. शारजाचे अनेक भाग कित्येक दिवस पाण्याखाली होते, अल मजाजच्या गल्ल्याही त्यात होत्या. ही गाडी चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी होती. मामांनी फोनवर एकच सांगितलं होतं : किल्ली फिरवू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि वर येणारा पिस्टन कनेक्टिंग रॉड वाकवून ठेवतो. फिल्टर कोरडा निघाला, गाडी वाचली.

भाची : वाचली, पण तेव्हापासून चाकातून घोंघों आवाज येतो. वेग वाढला की वाढतो.

मामा : उजवीकडे वळताना वाढतो की डावीकडे?

भाची : उजवीकडे.

मामा : म्हणजे डावं पुढचं बेअरिंग. उजवीकडे वळताना भार डावीकडे जातो. पाण्याने ग्रीस खराब केलं. ते बदलायला हवं, त्यात थांबायचं नाही. आणि आता तू विकत घेणार असलेल्या दुसऱ्या गाडीचं बोल. पाच वर्षांची, चकचकीत. ती त्या १६ तारखेला कुठे उभी होती, सांगेल कोणी? या गाडीला कुठे काय झालंय ते आपल्याला ठाऊक आहे. त्या गाडीचं काय ठाऊक आहे?

भाची : तपासून घेईन. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघेन. स्टेपनीखालचा गाळ, सीटच्या रेलचा गंज बघेन. हे तुम्हीच शिकवलंत. अमेरिकेत अपघातात गेलेली, इथे आणून रंगवून उभी केलेली गाडीही घेणार नाही. पण माहितीच्या म्हाताऱ्या गाडीतलं एक भय तुम्ही कधी बोलत नाही.

मामा : कुठलं?

भाची : एअरबॅग.

मामा खरंच थांबले. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे समोरच्याच्या अंगावर येतात. जगभर सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले, बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतले. अमेरिकेतच दोन डझनांहून अधिक माणसं गेली आणि जून २०१७मध्ये टाकाटाने दिवाळखोरी पत्करली. उष्ण आणि दमट : ही शारजाचीच हवा झाली. या दोषाचा आवाज येत नाही, काटा हलत नाही, बोटाने वाकवून चीर दिसत नाही. चॅसी नंबर कंपनीच्या डीलरकडे देऊन विचारणं एवढाच मार्ग, आणि रिकॉलमधली बदली फुकट असते. २००० ते २०१५च्या दरम्यानची गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते करावं.

मामा : उद्या नंबर देतो डीलरला. हे मला सुचायला हवं होतं. आमच्या काळी हा भागच नव्हता.

मग राहिला गिअरबॉक्स. सकाळी पहिल्यांदा डी टाकला की गाडी दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग धक्का देऊन निघते. मामांनी डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या टिश्यूवर टिपलं. लाल असायला हवं ते तपकिरी होतं. जळका वास मात्र नव्हता.

मामा : थोडं तेल काढून तितकंच नवं घालू. महिन्याने पुन्हा. मशीन लावून जोराने फ्लश करायचा नाही, आत बसलेला गाळ व्हॉल्व्हमध्ये जाईल.

भाची : आणि त्याने धक्का गेला नाही तर?

मामा : तर उघडावा लागेल.

भाची : नाही. गिअरबॉक्स उघडायचा नाही. तो खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो, आणि हेड गॅस्केटचंही तसंच. कूलंट गळती न दिसता कमी होऊ लागलं, ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली, की मी विकणार. ही माझी रेघ आहे.

मामांनी पुष्कळ वेळ विचार केला. भंगाराच्या गल्ल्यांत गिअरबॉक्स मिळतो, आपण बसवू, असं ते म्हणतील असं मला वाटत होतं. शारजातून जुने पार्ट आफ्रिकेपर्यंत जातात, त्यांच्या ओळखीचे दुकानदार आहेत.

मामा : ठीक आहे, तुझी रेघ. पण विकशील तेव्हा आज सापडलेलं सगळं कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातात दे. गिअरचा धक्का, पाणी कुठवर आलं होतं, सगळं.

भाची : किंमत पडेल, मामा.

मामा : पडेल. आपण त्याच्या जागी असतो तर आपल्याला हवा असता की नाही तो कागद?

तिने फोनवरच यादी करायला घेतली. पंख्याची मोटर मामा उद्या भंगारातून आणणार होते, पैसे देण्याआधी बॅटरीच्या दोन तारा लावून फिरवून बघणार होते. पाइपांचा पूर्ण सेट आणि डावं बेअरिंग नवंच घ्यायचं, असं तिने ठरवलं आणि त्यांनी हरकत घेतली नाही. शनिवारी सकाळी सहाला गाडी घेऊन ये, मामा म्हणाले. ऊन चढायच्या आत रेडिएटरही उतरवून धुऊन काढू.